उत्तेजनार्थ

दादा, काल भूमकडच्या एका माणसानं रेसची सायकल दुकानात आणली आणि म्हणाला, हिला दुधाच्या कॅनासाठी कॅरिअर बसवून द्या. तुम्ही असता तर आधी त्याला बसवून पाणी दिलं असतं आणि मग सायकलीची अशी दशा का करतोस म्हणून त्याची चांगली हजेरी घेतली असती. तुमच्या काळात असली सायकल परंड्यात कुणी पाहिली नव्हती. एका हातानं उचलता येते, टायर अंगठ्याएवढं, हँडल बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. मी त्याला समजावलं की या चाकाला कॅनांचं ओझं पेलणार नाही. तो म्हणाला, "पोरगी आता हिच्यावर बसत न्हाय बाई. दारात उभी दिसली की तोंड फिरवती. खव्याच्या भट्टीवर दूध न्यायला तरी यील कामाला." एसटीच्या टपावर टाकून आणली होती त्यानं, कारण गिअरच्या सायकलीला हात लावणारं दुकान या बाजूला माझं एकटीचंच आहे. मग मी मागचं चाक काढून जाड रिंगचं घातलं, स्टँड लावला, कॅरिअरच्या पट्ट्या आवळल्या. हात आपोआप चालत होते. त्याची पोरगी त्या सायकलीवरून उतरली त्यात माझा हात कसा आहे, हे त्याला पुरतं ठाऊक नाही. ठाऊक असतं तर तो माझ्या दुकानाची पायरी चढला नसता.

तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत सांगण्यासारखं बरंच झालं, पण ते बहुतेक बरं होतं, आणि बरं असलं की माणूस जिवंत लोकांतच मिरवून घेतो. हे जिवंत माणसाला सांगता येण्यासारखं नाही म्हणून तुमच्याकडं आले. तुमचे जावई अजून एसटीतच आहेत, सकाळी कुर्डुवाडीची गाडी घेऊन गेले की दुपारपर्यंत येत नाहीत. त्यांनाही यातलं अर्धंच माहीत आहे.

दुकान तिथंच आहे, स्टँडच्या भिंतीला लागून. बाहेरचा पत्रा बदलला, पण घमेलं तुमचंच. त्याच्या कडेला तुम्ही ठोकून काढलेला पोचा अजून दिसतो. ट्यूबमध्ये हवा भरायची, घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत फिरवायची, बुडबुडे निघतील तिथं बोट ठेवायचं. गिऱ्हाइकाला तुम्ही समोर बसवून ते बुडबुडे बघायला लावायचात. पलीकडचा दुकानदार टाचणीनं एका भोकाची तीन करतो हे सगळ्या परंड्याला माहीत होतं, तुमच्याकडं मात्र माणूस निवांत चहा पीत बसायचा. तुमच्या शर्टाच्या खिशाला कायम एक मोठी सेफ्टी पिन असायची, टायरात मोडलेले बाभळीचे काटे उकरायला. ती पिन ट्यूबच्या जवळ कधी गेलेली मी पाहिली नाही. "पाण्यात बघू," हे तुमचं पालुपद. कुणी भांडत आला तरी पाण्यात बघू, आईनं दूध नासल्याचं खापर शेजारणीच्या नजरेवर फोडलं तरी पाण्यात बघू. आम्ही तुमच्या माघारी तुमची नक्कल करायचो.

सातवीतली ती शर्यत तुम्हाला आठवत असणारच. गॅदरिंगच्या आधी सायकलींची शर्यत होती, शाळेपासून किल्ल्याला वळसा घालून परत शाळेत. सायकलवाल्याची पोरगी म्हणून पहिली मीच येणार, असं मी वर्गभर सांगून ठेवलेलं. निम्म्या वाटेतच धाप लागली. एकेक पोरगी पुढं निघून गेली, आणि खंदकाच्या कडेला कुणी बघत नाही असं पाहून मी उतरले, व्हॉल्व ढिला केला, हवा सोडली आणि सायकल हातात धरून रडवेलं तोंड करून शाळेत आले. पंक्चर झाली म्हणाले. गुरुजींना इतकी दया आली की त्यांनी फळ्यावर पहिल्या तीन नावांच्या खाली माझं नाव लिहिलं आणि पुढं लिहिलं, उत्तेजनार्थ. मला त्या शब्दाचा अर्थ नीट माहीत नव्हता. कंपासपेटी मिळणार एवढं कळलं होतं.

तुम्ही तिथंच होतात. सायकलींची हवा बघायला, ब्रेक आवळायला शाळेनं तुम्हाला बोलावलेलं, घमेल्यासकट. "आण, काढून देतो," म्हणालात. मी म्हणाले, राहू द्या, घरी बघू. पण तुम्ही सायकल उलटी करून टायर उतरवलासुद्धा. सगळी शाळा गोल करून उभी होती, कारण पोरांना पंक्चर काढलेली बघायला आवडतं. तुम्ही ट्यूब फुगवली, पाण्यात एकदा पूर्ण फिरवली. एक बुडबुडा निघाला नाही. मग थांबलात, माझ्याकडं बघितलंत आणि दुसऱ्यांदा फिरवलीत. आणि उठून गुरुजींना म्हणालात, "गुरुजी, ट्यूब चांगली हाय. हवा सोडलीया." गुरुजी सांभाळून घ्यायला म्हणाले, जाऊ द्या, लहान आहे. तुम्ही म्हणालात, "ल्हान हाय म्हणूनच." गुरुजींनी डस्टरनं माझं नाव पुसलं. पुढचा शब्द पुसायचा राहिला. गॅदरिंग संपेपर्यंत फळ्यावर कुणाच्याच नावाशिवाय उत्तेजनार्थ असं लिहिलेलं होतं आणि पोरी ते मोठ्यानं वाचून हसत होत्या.

घरी आईनं तुम्हाला चांगलं फैलावर घेतलं. पोरीची चारचौघांत लाज काढली, कानात सांगता आलं नसतं का, असलं बाप असतंय का कुठं. तुम्ही चुलीपुढं बसून भाकरी खात होता, मी कणगीच्या आड. आई बोलून दमल्यावर तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "हारलीस त्याचं काय न्हाय. पर पंक्चरीचं नाव कशाला खराब करतीस? आपलं घर तिच्यावर चालतंय." त्या वेळी मला ते इतकं विचित्र वाटलं. मला वाटलं होतं खोटं बोलू नये वगैरे सांगतील, आणि हा माणूस पंक्चरीच्या अब्रूची काळजी करतोय. पुढच्या बाजाराला तुम्ही कंपासपेटी आणून माझ्या दप्तरावर ठेवलीत, हुबेहूब तसलीच. मी ती दहावीपर्यंत उघडली नाही. तुम्ही ती रोज तशीच बंद बघायचात.

आता तुमच्या नातीचं सांगते. दांडीवर छोटं सीट बांधून तुम्ही जिला स्टँडभोवती चकरा मारायला न्यायचात, ती. तुम्ही गेलात तेव्हा चार वर्षांची होती. दुकानातच वाढली आणि खरंच चांगली निघाली, हे मी आई म्हणून सांगत नाही, ग्रीसनं हात काळे केलेली बाई म्हणून सांगते. चढावर तिचं पायडल एका लयीत पडायचं, अंग हलायचं नाही. पण तुमच्या वेळी लोक हौसेनं सायकल मारायचे, आता प्रमाणपत्रासाठी मारतात. खेळाडूंना सरकारी नोकरीत राखीव जागा असतात, राज्याच्या स्पर्धेत नंबर आला की दार उघडतं. मग गावोगाव अकॅडमी निघाल्या. हिच्या अकॅडमीतले सर म्हणजे गळ्यात शिट्टी, अंगात ट्रॅकसूट, बोलणं मधाचं. ते पोरींना युरोपातल्या मोठमोठ्या सायकलपटूंच्या गोष्टी सांगायचे. कुणी कशी वर्षानुवर्षं रक्त वाढवायची औषधं घेतली, कशी तपासणी चुकवली, कशा पदव्या जिंकल्या. शेवटी पकडले गेले, सगळ्या पदव्या काढून घेतल्या, जगभर छी थू झाली, हेही सांगायचे, पण ते घाईघाईत, नशिबानं दगा दिल्यासारखं. पोरी त्या गोष्टींतून एवढंच शिकल्या की पकडलं जाणं हा गुन्हा आहे.

एक दिवस कोथिंबीर काढायला मी फ्रीज उघडला. दारात अंड्यांच्या खाचांत चार अंडी होती आणि त्यांच्या शेजारी दोन काचेच्या कुप्या. वरच्या चिठ्ठ्या नखानं खरवडलेल्या. लेक मागंच उभी होती. व्हिटॅमिन आहे म्हणाली. मी विचारलं, मग चिठ्ठी का खरवडली? ती म्हणाली, "सगळ्याजणी घेतात आई. तू उगं पोलीसपणा करू नको." हे ती बोलली तो आवाजसुद्धा तिचा नव्हता. दोन महिन्यांपासून घसा बसलाय म्हणत होती, गालावर, पाठीवर पुरळ, पाळी लांबलेली, आणि मी मूर्खासारखी तिला हळदीचं दूध देत होते. मी सरांना फोन लावला. ते म्हणाले, ताई, तुमच्या पोरीत दम आहे, पण दम सगळ्यांतच असतो, वरचं थोडं लागतं. वरचं थोडं. भेळेवर शेव मागावी तसं बोलले. मला शिसारी आली. फोन ठेवला, परत फ्रीजपाशी गेले, कुप्या हातात घेतल्या. मोरीत ओतायला कितीसा वेळ लागतो, दादा? मी त्या परत खाचेत ठेवल्या, कोथिंबीर घेतली आणि दार लावलं. त्या दिवसापासून मला त्या फ्रीजमधल्या दुधाचा वास येतो. बाकी कुणाला येत नाही.

दोन वर्षांपूर्वी तुळजापूरच्या रस्त्यावर राज्याच्या निवडीची शर्यत झाली. मेकॅनिक म्हणून मला बोलावलं होतं, जिल्ह्यात अशा शर्यतींना मीच असते. पोरींची उतरायची सोय एका शाळेत केलेली. सकाळी मी हातपाय धुवायला गेले तर शाळा झाडणारी बाई मोरीच्या जाळीतून खराट्यानं सुया ओढून काढत होती. सुया, मोडलेल्या नळ्या, कापसाचे लाल बोळे, सगळं एका पत्र्याच्या डब्यात भरत होती. मला बघून कळवळून म्हणाली, "एवढ्या तरण्या पोरींना शुगर झाली व्हय, बाई?" मी व्हय म्हणाले. ती चुकचुकली, देवीला हात जोडले आणि डबा घेऊन गेली. मी तोंडसुद्धा न धुता बाहेर आले, कारण त्या नळाला हात लावायची इच्छा होईना. बाहेर पटांगणात पोरी एकमेकींच्या वेण्या घालत होत्या, गाणी म्हणत होत्या. माझी लेक आणि कालच्या त्या माणसाची पोरगी, ती भूमची, एकाच चटईवर बसून केळी खात होत्या. दोघी एकाच सरांच्या, एकाच कुपीतल्या. भूमची पोरगी उठून माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "मावशी, माझं ब्रेक जरा बघा की."

शर्यत सुरू झाली तेव्हा सगळं ठीक होतं. तुळजापूरहून निघून धाराशिवच्या अलीकडं वळायचं आणि त्याच रस्त्यानं परत. मी शेवटच्या टप्प्यात टेम्पोजवळ होते, घमेलं पाण्यानं भरून ठेवलेलं. तेवढ्यात बाहेरगावची एक पांढरी गाडी शेवटच्या रेषेजवळच्या मंगल कार्यालयापाशी लागली आणि त्यातून तपासणीचे लोक उतरले. उत्तेजक द्रव्यांच्या तपासणीचे. शर्यतीत पहिल्या नंबरांत येणाऱ्यांची लघवी घेतात, सीलबंद करून पाठवतात. पाच मिनिटांत रस्त्याच्या कडेच्या सगळ्या सरांचे फोन कानाला लागले. आमचे सर तर रस्त्याच्या मधोमध जाऊन येणाऱ्या पोरींना ओरडून सांगायला लागले, "पाहुणे आलेत गं, पाहुणे आलेत." लग्नाच्या वऱ्हाडासारखं. देवीला निघालेले लोक थांबून बघत होते, कुठले पाहुणे म्हणून. आणि मग दादा, मी आयुष्यात कधी पाहिलं नाही ते पाहिलं. पहिल्या पाचांतली पोरगी कडेला उतरली. पंक्चर. तिच्या मागची उतरली. पंक्चर. डांबरी गुळगुळीत रस्ता, सकाळी झाडून घेतलेला, काचेचा तुकडा नाही, काटा नाही, आणि एका फर्लांगात अकरा पोरी उतरल्या, अकराही पंक्चर. शेवटच्या रेषेवर पहिली आली ती एक बारकीशी पोरगी, जी एरवी दहावी-बारावी आली असती. तिला स्वतःलाच कळेना टाळ्या कुणासाठी वाजतायत. मला तुमची आठवण आली. म्हटलं, आज पंक्चरीचं नाव जितकं खराब झालं तितकं कधी झालं नसेल.

तपासणीच्या बाई शांत होत्या. त्यांच्याकडं मोजकेच संच होते, सगळ्यांची तपासणी होण्यासारखी नव्हती. त्या म्हणाल्या, ज्यांची पंक्चर खोटी असेल त्यांना आधी बोलावू. मुख्य पंचानं माझ्याकडं बोट केलं. तो माझ्या वर्गातला, दादा. त्या दिवशी शाळेच्या गोलात उभा होता. बाईंनी विचारलं, यांची मुलगी शर्यतीत आहे ना? तर तो छाती काढून म्हणाला, "मॅडम, हिच्या बापानं भर शाळेत हिलाच सोडलं न्हवतं. तुमी बिनघोर ऱ्हावा." बाईंना ते पटलं. तुमच्या नावावर पटलं.

मी टेम्पोच्या आडोशाला घमेलं घेऊन बसले. एकेक चाक यायचं, टायर उतरवायचा, ट्यूब फुगवायची, पाण्यात फिरवायची. बारीक तोंडाच्या व्हॉल्वमधून सोडलेली हवा, दुसरं काही नाही. खोटी. दुसरी, खोटी. पोरी समोर उभ्या राहून नखं खात होत्या, एक ओकली. मला कुणाची दया येईना. मला त्यांच्या घामाचीसुद्धा किळस वाटत होती. पंचाच्या हातात कागद, मी सांगत होते, तो लिहीत होता, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं, तुमच्या जागेवर बसल्यासारखं. भूमच्या पोरीची ट्यूब आली. ती म्हणाली, मावशी, नीट बघा. मी नीट बघितली. पाणी हललं नाही. खोटी म्हणाले, आणि तिच्याकडं वर मान करून पाहिलंसुद्धा नाही. तिचं चाक दहावं होतं.

अकरावं चाक माझ्या लेकीचं. मी टायर उतरवला, ट्यूब फुगवली. टणक राहिली. पंच कागदावर मागची नावं नीट करत होता, बाई गाडीपाशी कुणाशी तरी बोलत होत्या. माझ्या छातीला त्यांनीच दिलेला बिल्ला होता, मेकॅनिक लिहिलेला, सेफ्टी पिननं अडकवलेला. मी पाठ वळवली, पदर सावरल्यासारखं केलं. ट्यूब टोचायला जोर लागत नाही. मग मी ती पाण्यात धरली आणि पंचाला हाक मारली, ये, बघ. बारीक बुडबुड्यांची एक सरळ रांग वर येत होती. तो वाकून बघून म्हणाला, हिचीच तेवढी खरी निघाली, आणि मला म्हणाला, रक्तातच असतं ते. रक्तातच.

पुढचं सगळं झालं ते होणारच होतं. दहाजणींना आत नेलं. काही महिन्यांनी निकाल आले, त्यातल्या सहाजणी दोषी, भूमची त्यात. चार वर्षांची बंदी, आधीचं प्रमाणपत्र रद्द, हातात आलेलं नेमणुकीचं पत्र परत. पेपरात छापून आलं, उत्तेजक द्रव्य घेतल्याप्रकरणी खेळाडू दोषी. खेड्यात उत्तेजक म्हणजे काय समजले असतील, तुम्हाला सांगायला नको. कुणी म्हणालं गांजा, कुणी म्हणालं त्याहून घाण. भूमच्या पोरीला बघायला येणारे वाटेतूनच परत जायला लागले. ती अंगणात येत नाही म्हणे. सर आहेत मजेत. अकॅडमीचं नाव बदललं, नव्या बॅचच्या पाट्या लागल्या, गळ्यात तीच शिट्टी. परवा स्टँडवर दिसले, मला लांबून नमस्कार केला, जवळचं माणूस असल्यासारखा. मी तिथंच थुंकले. त्यांना वाटलं तंबाखूचं असेल.

माझ्या लेकीनं पुढच्या शर्यतीत तिसरा नंबर काढला. त्या दिवशी पाहुणे आले नव्हते. यंदा तिला धाराशिवला सरकारी कचेरीत नोकरी लागली. आता घेत नाही म्हणते. घेत नसेल. आवाज अजून घोगराच आहे, फोनवर लोक तिला साहेब म्हणतात. नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी ती पेढे घेऊन दुकानात आली, भूमच्या खव्याचे. तुमच्या फोटोपुढं एक ठेवला, पाया पडली आणि हसत म्हणाली, "आजोबांच्या घमेल्यानं वाचवलं." मग एक पेढा माझ्या तोंडात कोंबला. तो मी गिळला नाही. ती गेल्यावर घमेल्याजवळ जाऊन थुंकला आणि चार वेळा चूळ भरली. माझ्याच पोटची पोर, आणि मला तिचा हात तोंडाला लागलेला सहन झाला नाही. असं आईनं म्हणू नये. कुणाजवळ म्हणत पण नाही.

आणि काल तो बाप. कॅरिअरचे नट आवळत होते तेव्हा तो पायरीवर बसून घमेल्याकडं बघत होता. मग म्हणाला, "बाई, राग मानू नका. त्या दिशी दहाजणींची खोटी निघाली आन् एकीची खरी. पाण्यात काय चूक व्हत आसंल का वो?" भांडायला आला नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं, दुधाच्या भेसळीचं यंत्र चुकतं तसं हेही चुकतं का म्हणून. दोन वर्षं तो ते मनात घेऊन फिरत होता. मी त्याला काहीही सांगू शकले असते. सांगितलं असतं तर त्याच्या पोरीची बंदी उठणार नव्हती, तिनं घेतलं होतं ते घेतलंच होतं. पण त्याला एवढं तरी कळलं असतं की त्याच्या पोरीइतकीच खोटी आणखी एक होती, आणि ती आज पंख्याखाली खुर्चीत बसते. मी पाना खाली ठेवला आणि तुमच्या आवाजात म्हणाले, "पाणी चुकत न्हाय, दादा." होय, त्यालाही मी दादाच म्हणाले. तो मान हलवून उठला, सायकल कॅरिअरसकट बाहेर काढली, दोनदा दाबून स्टँड बघितला आणि चांगलं काम केलं म्हणाला.

हे सगळं बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानांवर लिहितेय. पानं फाडून कुठं ठेवायची ते ठरवलेलं नाही. बहुतेक सायंकाळी कचऱ्याबरोबर जाळीन, तुमच्या फोटोमागं ठेवली तर लेकीच्या हाती लागतील. त्याआधी एवढंच. शाळेत तुम्ही घमेल्यावर वाकला होता, तुमच्या अंगाआड ट्यूब झाकली होती आणि खिशाला पिन होती. मी समोर उभी राहून मनातल्या मनात म्हणत होते, दादा, टोचा. एकदाच टोचा, कुणाला दिसत नाही. तुम्ही मान वर करून माझ्याकडं बघितलंत तेव्हा तुम्हाला ते ऐकू गेलं असणार, कारण त्यानंतरच तुम्ही ट्यूब दुसऱ्यांदा फिरवलीत. टेम्पोच्या आडोशाला मीही मान वर करून लेकीकडं बघितलं होतं. ती बाटलीतलं पाणी पीत होती. मनात काही म्हणायची तिला गरजच नव्हती, तिला खात्री होती. तुमचं बरोबर होतं, हे मला सातवीतच कळलं होतं, कंपासपेटी न उघडतासुद्धा कळलं होतं. तरी दादा, त्या दिवशी तुम्ही टोचलं असतं, तर मला लई बरं वाटलं असतं.